इंग्लंडमध्ये घर विकण्याआधी प्लॅनिंग परमिशन काढायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्यातल्या कोणी घर विकायला काढलं की दोन प्रश्न हमखास येतात. एक, परमिशन काढून विकलं तर जास्त पैसे येतील का. दोन, आधीच काहीतरी बांधून ठेवलंय त्याचं आता काय करायचं. हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, आणि माझं मत विचाराल तर बहुतेक लोक पहिल्यावर उगाच पैसे घालवतात आणि दुसऱ्याकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत बघत नाहीत. खाली जे लिहिलंय ते इंग्लंडपुरतंच आहे, वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे आहेत, त्यामुळे कार्डिफ किंवा एडिनबरावाल्यांनी हेच आकडे धरून चालू नये. आणि सॉलिसिटर, म्हणजे घराच्या व्यवहाराचा वकील, तर लागणारच, हे त्याला काय विचारायचं ते कळावं म्हणून.

परमिशन नसेल तर घर विकताच येत नाही का?

येतं की. घर विकायला प्लॅनिंग परमिशन लागते असा कुठलाही कायदा नाही. परमिशन लागते ती बांधायला किंवा वापर बदलायला. तुमचं घर जसं आहे तसं, कुठलंही बेकायदा काम न केलेलं असेल, तर परमिशन न काढता बिनधास्त विका.

पण एजंट म्हणतो परमिशन काढली तर किंमत वाढेल. खरंय का?

अर्धं खरंय. कशाची परमिशन ते बघावं लागतं.

समजा साधं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर आहे, हॅरो, स्लाव, रेडिंग कुठेही, आणि तुम्ही मागे एक्स्टेंशनची परमिशन काढली पण बांधलं नाही. आता जो घर घ्यायला येणार त्याला नेमकं तेच एक्स्टेंशन हवं असेल, तसंच किचन, तशीच खिडकी, तर त्याला त्याची किंमत. बाकीच्यांना नाही. कोणाला लॉफ्ट, म्हणजे छताखालची खोली, हवा असतो, कोणाला काहीच नको असतं, कोणाचा आर्किटेक्ट तुमचे नकाशे बघून म्हणतो हे सगळं परत काढू. बँकेचा सर्व्हेअर आज उभ्या असलेल्या घराची किंमत धरतो, कागदावरच्या खोलीची नाही. शिवाय गल्लीत आजूबाजूच्या चार-पाच घरांना तसलंच एक्स्टेंशन झालेलं असेल तर येणारा माणूस ते बघूनच समजतो की इथे मिळेल, त्याला तुमचा कागद लागत नाही. म्हणून जाहिरातीत एजंट 'सब्जेक्ट टू प्लॅनिंग वाढवता येईल' असं लिहितात आणि तेवढं पुरतं.

कागदाची खरी किंमत होते ती जिथे मिळेल की नाही याची शंका असते तिथे. कॉर्नर प्लॉट आहे आणि शेजारी अख्खं दुसरं घर बसू शकतं, मोठी बाग आहे आणि मागून रस्ता आहे, घराचे दोन फ्लॅट होऊ शकतात, कॉन्झर्वेशन एरियातलं, म्हणजे जतन करायच्या जुन्या भागातलं घर आहे जिथे साधी डॉर्मर, म्हणजे छतातून बाहेर काढलेली, खिडकी पण भांडून मिळवावी लागते. अशा ठिकाणी परमिशन हातात असणं आणि नसणं यात मोठा फरक पडतो, कारण घेणाऱ्याची सगळी धाकधूक तुम्ही काढून टाकलेली असते. बिल्डर लोक तर अशाच प्लॉटसाठी येतात.

तर माझं सरळ मत, घर साधं आणि एक्स्टेंशन साधं तर काढू नका. जागेतून दुसरं घर निघत असेल तर विकण्याआधी नक्की विचार करा.

खर्च किती येतो, वेळ किती लागतो?

एका घराच्या एक्स्टेंशन वगैरेसाठी जो अर्ज करतात, हाऊसहोल्डर अर्ज, त्याची फी डिसेंबर २०२३ पर्यंत २०६ पौंड होती, मग २५८ झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ५२८. महागाईप्रमाणे ती वाढत राहणार आहे म्हणून भरायच्या दिवशी प्लॅनिंग पोर्टलवर बघून घ्या, पोर्टलचा सर्व्हिस चार्ज वेगळा. पण फी हा छोटा भाग आहे. नकाशे काढणाऱ्याचे पैसे त्याच्या कितीतरी वर जातात, आणि झाडं असतील, पूरक्षेत्र असेल, वटवाघळं असण्याची शक्यता असेल तर एकेक रिपोर्ट वेगळा.

वेळ कायद्याने आठ आठवडे, मोठ्या प्रकल्पांना तेरा. ही मोजणी अर्ज पूर्ण आहे असं काउन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मान्य केल्यावर सुरू होते, त्याआधी नकाशे काढण्यात महिना-दीड महिना जातोच. आणि आठ आठवडे संपत आले की ऑफिसर ईमेल करतो, जरा मुदत वाढवून द्या. हो म्हणावंच लागतं, नाहीतर सरळ नकार लिहून टाकतील ही भीती. म्हणून मार्चमध्ये घर बाजारात आणायचं असेल तर आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नकाशाला सुरुवात हवी.

परमिशन माझ्या नावावर निघते, मग घर विकल्यावर ती नव्या मालकाला चालते का?

चालते. परमिशन माणसाला नाही, जमिनीला मिळते, १९९० च्या टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टमध्येच तसं आहे. अगदी क्वचित एखाद्या परमिशनमध्ये 'फक्त अमुक व्यक्तीसाठी' अशी अट असते, ती वाचून घ्या.

नकाशांचं मात्र तसं नाही बरं का. ड्रॉइंगचा कॉपीराइट ते काढणाऱ्याकडे राहतो. नवा मालक त्याच नकाशांवरून बांधणार असेल तर त्याला ते वापरायची परवानगी लागते, आणि ती नसली की ऐन वेळी आर्किटेक्ट जास्तीचे पैसे मागू शकतो. पहिल्याच दिवशी, त्याची फी ठरवतानाच लिहून घ्या की घर विकलं तर नकाशे वापरायचा हक्क पुढच्याला देता येईल. एका ओळीचं काम आहे.

परमिशन किती दिवस चालते? दोन वर्षांनी विकलं तर?

तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं. आज काढली आणि दोन वर्षांनी विकलं तर घेणाऱ्याकडे एकच वर्ष उरतं, त्यात त्याला बिल्डर शोधायचाय, पैसे उभे करायचेत, तो याची किंमत कशी देईल. मुदत नुसती वाढवून मिळत नाही, नवा अर्ज करावा लागतो.

काही जण पाया खणून ठेवतात कारण काम एकदा नीट सुरू झालं की परमिशन मरत नाही. हे खरं आहे, चर खणला तरी सुरुवात धरतात. पण परमिशनच्या कागदावर 'काम सुरू करण्याआधी अमुक मंजूर करून घ्या' अशा अटी असतात, विटांचा नमुना, सांडपाण्याचा आराखडा असं काहीतरी, त्या पूर्ण न करता खणलं तर ती सुरुवातच ग्राह्य धरली जात नाही असा धोका राहतो. घेणाऱ्याचा सॉलिसिटर हे पहिलं विचारतो.

नकार आला तर घराची किंमत उतरते का?

हा भाग लोक विसरतात. अर्ज केला की तो काउन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतो, नकाशे, शेजाऱ्यांची पत्रं, शेवटचा निर्णय, सगळं. काल जे घर 'वाढवता येईल' म्हणून विकलं जात होतं त्याच्यावर आज 'वाढवायला नकार' असा शिक्का. एजंटलाही ही माहिती लपवता येत नाही. म्हणजे साध्या एक्स्टेंशनसाठी अर्ज करून मिळालं तर थोडा फायदा आणि नाही मिळालं तर चांगलाच तोटा, असा हा हिशोब आहे, आणि पहिल्या मताचं हेच मोठं कारण.

अपील करता येतं, प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, त्याला फी नाही. हाऊसहोल्डर अर्जाला नकारानंतर बारा आठवडे मिळतात, बाकी पूर्ण अर्जांना बहुतेक वेळा सहा महिने. पण निकालाला महिने जातात आणि तोवर विक्री लटकते. पूर्वी नकारानंतर वर्षभरात सुधारलेला अर्ज फुकट करता यायचा, ती सोय ६ डिसेंबर २०२३ पासून बंद झाली, आता दुसऱ्यांदा पूर्ण फी.

मग पूर्ण परमिशन न काढता घेणाऱ्याला खात्री देण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि साध्या घरांना मला हाच जास्त पटतो. बरंचसं काम परमिशनशिवायच करता येतं, त्याला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतात. मागच्या बाजूला एकमजली एक्स्टेंशन, टेरेस (म्हणजे ओळीत जोडलेलं घर) किंवा सेमीला ३ मीटर आणि डिटॅच्डला ४ मीटरपर्यंत, आणि शेजाऱ्यांना कळवण्याची प्रक्रिया केली तर ६ आणि ८ मीटरपर्यंत. लॉफ्टमध्ये टेरेसला ४० घनमीटर, सेमी आणि डिटॅच्डला ५०, फक्त रस्त्याच्या बाजूला डॉर्मर काढायचा नाही. उंची, हद्दीपासूनचं अंतर, साहित्य यांच्या अटी आहेत त्या बघाव्या लागतात, आणि कॉन्झर्वेशन एरियात लॉफ्टची ही सूट नाही.

तर तुमचा लॉफ्ट किंवा एक्स्टेंशन या मापात बसत असेल तर लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट काढा, म्हणजे काउन्सिल लिहून देतं की असं असं बांधलं तर परमिशन लागणार नाही. प्रस्तावित कामासाठी याची फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी. यात शेजाऱ्यांचं मत, दिसायला कसं आहे वगैरे काही बघत नाहीत, नियमात बसतं की नाही एवढंच, त्यामुळे नकाशा नीट असेल तर धोका फार कमी.

दुसरा मार्ग प्री-ॲप, म्हणजे अर्जाआधी काउन्सिलचं मत पैसे देऊन घेणं. ते बंधनकारक नसतं पण बिल्डरला दाखवायला उपयोगी पडतं. फक्त एक लक्षात ठेवा, घरात आधीचं काही बिनपरवाना काम असेल तर प्री-ॲप अजिबात नको. का ते खाली येतंय.

बाग मोठी आहे, मागे एक घर बसेल असं सगळे म्हणतात. परमिशन काढून प्लॉट विकू की अख्खं घर तसंच विकू?

इथे मात्र विचार करण्यासारखं खूप आहे.

आधी बसेल का ते बघा. घरासाठी जागा म्हणजे नुसते चौरस फूट नाहीत. गाडी आत येईल असा रस्ता, शेजारच्या खिडक्यांपासून अंतर, जुन्या घराला उरणारी बाग, सांडपाण्याची लाईन कुठून जाते, झाडावर संरक्षणाची ऑर्डर आहे का. आणि शहरातल्या घरांच्या बागा २०१० पासून 'आधी बांधलेली जमीन' या व्याख्येतून काढल्या आहेत, त्यामुळे बागेत घर म्हटलं की काउन्सिलचा हात सहज सैल होत नाही. टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीची नोंद, पण वाचा. जुन्या इस्टेटींवर 'या प्लॉटवर एकच घर' अशी कोवेनंट, म्हणजे मालकीला जोडलेली अट, असते, १९३० च्या सुमाराच्या घरांवर तर फार, आणि प्लॅनिंग परमिशन मिळाली म्हणून ती कोवेनंट उडत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. परमिशन काढून झाल्यावर कोवेनंट सापडली तर नकाशांचे पैसे पाण्यात.

परमिशनचे प्रकार पण आहेत. आऊटलाईन काढली तर 'इथे एक घर चालेल' एवढं तत्त्वतः ठरतं, दिसणं, मांडणी नंतर, ते घेणाऱ्यावर सोडायचं. नकाशांचा खर्च कमी आणि बिल्डरला स्वतःच्या आवडीने बांधता येतं, म्हणून विकण्यासाठी काढायची तर आऊटलाईन पुष्कळदा पुरते. परमिशन इन प्रिन्सिपल हा अजून हलका प्रकार, लहान जागांसाठी. कॉन्झर्वेशन एरियात मात्र काउन्सिल बऱ्याचदा नुसत्या आऊटलाईनवर समाधान मानत नाही, पूर्ण नकाशे मागतं. आणि बऱ्याच काउन्सिलमध्ये नव्या घरावर कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, म्हणजे रस्ते, शाळा अशा सोयींसाठीची पट्टी, बसते, आपण स्वतः राहण्यासाठी बांधणाऱ्याला त्यातून सूट मागता येते पण काम सुरू करायच्या आधी. प्लॉट घेणारा ती रक्कम तुमच्या किंमतीतून वजा करणारच, तेव्हा आकडा आधीच काढून ठेवा.

प्लॉट विकल्यावर टॅक्स लागतो का?

राहत्या घराला जी सूट असते, प्रायव्हेट रेसिडेन्स रिलीफ, ती घरासकट अर्ध्या हेक्टरपर्यंतच्या बागेला लागू होते. अर्धा हेक्टर म्हणजे साधारण सव्वा एकर, तेवढी बाग कोणाची असते. तर मुद्दा क्षेत्रफळाचा नाही, क्रमाचा आहे. आधी बागेचा तुकडा विका आणि मग घर, किंवा दोन्ही बरोबर. आधी घर विकून बाग मागे ठेवली आणि नंतर विकली तर त्या बागेवरची सूट जाते, कारण विकताना ती कुठल्याच घराची बाग उरलेली नसते. १९७६ च्या एका केसपासून हे पक्कं आहे आणि तरी लोक दरवर्षी यात अडकतात. तसंच तुकड्याला कुंपण घालून, खणून ठेवून मग विकायला गेलात तर ती बाग आहे का हाच प्रश्न उभा राहतो.

सूट नसेल, म्हणजे भाड्याने दिलेलं घर वगैरे, तर कॅपिटल गेन्स टॅक्स १८ किंवा २४ टक्के, तुमच्या उत्पन्नाप्रमाणे, आणि घराचा टॅक्स भरायचा असेल तर विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत कळवून भरायचा. अकाउंटंटला परमिशनचा अर्ज करण्याआधी भेटा. विकून झाल्यावर तो फक्त आकडा सांगू शकतो.

परमिशनची कटकट नकोय पण घेणाऱ्याने नंतर काढून लाखो कमावले तर जीव जळेल. काय करू?

ओव्हरेज करार. म्हणजे आज घर आजच्या किंमतीला विकायचं आणि पुढच्या ठरलेल्या वर्षांत या जागेवर जास्तीच्या घराची परमिशन मिळाली तर वाढलेल्या किंमतीतला ठरलेला टक्का तुम्हाला. मोठ्या बागा आणि शेतजमिनी विकताना हे सर्रास करतात. करार चांगला लिहिणारा सॉलिसिटर लागतो, कधी पैसे द्यायचे, परमिशन मिळाल्यावर की बांधल्यावर की विकल्यावर, हे स्पष्ट नसेल तर नंतर भांडण ठरलेलं. साध्या तीन बेडरूमच्या घराला असलं कलम लावलंत तर गिऱ्हाईक पळेल, तिथे नको.

आम्ही मागे एक्स्टेंशन बांधलं, परमिशन काढली नव्हती. आता विकायचंय. आता काढू का?

आधी शांत बसा आणि तीन गोष्टी शोधा. ते कधी पूर्ण झालं, त्याचं माप काय, आणि घराच्या मूळ परमिशनमध्ये काही अटी होत्या का.

माप परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसत असेल तर परमिशन लागतच नव्हती, घाबरायचं कारण नाही, जमल्यास लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट काढा म्हणजे सॉलिसिटरचे प्रश्न बंद. बसत नसेल पण बरीच वर्षं झाली असतील तर काउन्सिलची कारवाईची मुदत संपलेली असू शकते, तेव्हाही सर्टिफिकेटच, फक्त इथे पुरावा तुम्ही द्यायचा. बिल्डरची बिलं, तारखेचे फोटो, शेजाऱ्याचं शपथपत्र, जुने गूगल स्ट्रीट व्ह्यू, जे असेल ते. बांधून झालेल्या कामाच्या सर्टिफिकेटला फी पूर्ण लागते.

आणि बसतही नाही, मुदतही संपलेली नाही, मग बांधल्यानंतरची परमिशन, ज्याला रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणतात, ती मागता येते. काम असं असेल की आधी मागितलं असतं तर मिळालंच असतं, शेजारच्या गल्लीत तसं मंजूर झालेलं आहे, तर जरूर मागा. पण ज्याला नकार येईल असं वाटतंय त्याचा अर्ज करणं म्हणजे आपणच काउन्सिलला घरी बोलावणं. तिथे प्लॅनिंग कन्सल्टंटचं मत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका.

चार वर्षं झाली की सगळं माफ होतं ना?

आता नाही. हा गैरसमज फार पसरलाय. पूर्वी बांधकामाला चार वर्षं आणि बाकी गोष्टींना दहा वर्षं अशी मुदत होती. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये सरसकट दहा वर्षं झाली. तुमचं काम त्या तारखेच्या आधी जवळजवळ पूर्ण झालेलं असेल तर जुनी चार वर्षंच लागू, म्हणून पूर्ण झाल्याची तारीख सिद्ध करणं इतकं महत्त्वाचं झालंय. वेल्समध्ये हा बदल लागू नाही.

लपवून ठेवलं तर मुदतीचा फायदा मिळत नाही हे पण लक्षात घ्या. सरे परगण्यात एका शेतकऱ्याने गवताच्या गठ्ठ्यांमागे किल्ल्यासारखं घर बांधलं, चार वर्षं झाकून राहिला, २००६ मध्ये गठ्ठे काढले आणि म्हणाला मुदत संपली. शेवटी २०१६ मध्ये पाडावं लागलं.

लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेली इमारत, असेल तर मुदत नावाची गोष्टच नाही. तिथे परवानगीशिवाय केलेलं काम हा गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं काम दुरुस्त करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. लिस्टेड घराचं काहीही असेल तर सरळ तज्ज्ञाकडे.

काउन्सिलला नुसतं फोन करून विचारलं तर काय बिघडतं?

बिघडतं. हा एकच मुद्दा वाचून गेलात तरी चालेल.

जुन्या बिनपरवाना कामाला बऱ्याच वेळा इन्डेम्निटी इन्शुरन्स काढून विक्री पुढे जाते. एकदाच प्रीमियम, बहुधा विकणाराच भरतो, आणि पुढे काउन्सिलने कारवाई केली तर घेणाऱ्याचं आणि त्याच्या बँकेचं नुकसान कंपनी भरते. पण कंपनीची अट असते की या कामाबद्दल काउन्सिलशी कोणीही संपर्क केलेला नसावा. तुम्ही प्रामाणिकपणे फोन केलात, पत्ता सांगितलात, की पॉलिसी मिळणं कठीण. मग उरतो फक्त अर्जाचा मार्ग आणि तिकडे महिने जाणार, तोवर घेणाऱ्याच्या मॉर्गेज ऑफरची मुदत संपणार. म्हणून आधी सॉलिसिटरशी बोला, इन्शुरन्स की सर्टिफिकेट की रेट्रोस्पेक्टिव्ह हे ठरवा, मगच काउन्सिल. घेणाऱ्यालाही त्याच्या सॉलिसिटरमार्फत हे सांगून ठेवा कारण तोसुद्धा उत्साहात फोन करू शकतो.

इन्शुरन्स पैशाचं नुकसान भरतो, भिंत मजबूत आहे की नाही ते सांगत नाही. घेणारा म्हणाला की मला सर्व्हे करायचाय तर करू द्या.

परमिशन आहे म्हणजे सगळे कागद झाले ना?

नाही, बिल्डिंग रेग्युलेशन वेगळं. प्लॅनिंग म्हणजे बांधायला हरकत नाही, बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे बांधलेलं सुरक्षित आहे. पुण्यात ओसी नसलेला फ्लॅट म्हटलं की बँक नाक मुरडते ना, इथे लॉफ्टला कम्प्लिशन सर्टिफिकेट नसेल तर तेच होतं, त्याला 'बेडरूम' म्हणून जाहिरात करायलाही एजंट तयार होत नाही. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामाला मागाहून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट काढता येतं, फक्त इन्स्पेक्टर प्लास्टर फोडून बीम दाखवा म्हणू शकतो. लॉफ्टच्या बाबतीत मी तरी हे करायला सांगेन, इन्शुरन्सवर भागवू नका, आगीच्या वेळी बाहेर पडायचा जिना आणि दारं हा जिवाचा प्रश्न आहे आणि तिथे कोणाचं तरी लेकरू झोपणार आहे.

खिडक्या एप्रिल २००२ नंतर बदलल्या असतील तर फेन्साचं (नियमाप्रमाणे बसवल्याचं) सर्टिफिकेट, बॉयलरचं गॅस सेफ, २००५ नंतरचं मोठं वायरिंग असेल तर त्याचं. हे सगळं आत्ताच एका फाईलमध्ये लावा.

आई-बाबा दरवर्षी सहा महिने येतात म्हणून बागेत खोली बांधली, बाथरूमसकट. ती चालते का?

परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बागेतली खोली बांधता येते, हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर उंची अडीच मीटरपर्यंत. पण ती ऑफिस, जिम, सामान अशा जोडवापरासाठी. झोपायची खोली म्हणून बांधली तर ती त्या सवलतीत बसत नाही, परमिशन लागते. आपल्या घरांमध्ये हा प्रकार भरपूर आहे आणि हेतू अगदी चांगला असतो, पण विकताना एजंटने 'ॲनेक्स' असं छापलं की घेणाऱ्याचा सॉलिसिटर परमिशन मागतो. स्लाव काउन्सिलने तर २०१३ मध्ये विमानातून उष्णतेचे फोटो काढून बागेतल्या राहत्या शेड शोधल्या होत्या. खरोखर विकायला 'गार्डन रूम' म्हणूनच दाखवायची असेल तर पलंग आणि किचन काढा आणि वापरही तसाच ठेवा. ॲनेक्स म्हणून विकायची असेल तर आधी परमिशन, आणि स्वतंत्र किचन-बाथरूम असलं की तिला वेगळा काउन्सिल टॅक्स बँड लागू शकतो.

न्यू-बिल्ड इस्टेटमध्ये घर आहे, गॅरेजची खोली केली. आतलंच काम आहे, परमिशन कशाला?

जुन्या घरांना बहुतेक लागत नाही. पण इस्टेटच्या मूळ परमिशनमध्ये 'गॅरेज गाडीसाठीच ठेवावं' किंवा 'परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क काढले आहेत' अशी अट असते, मिल्टन कीन्स, स्विंडन, रेडिंगच्या बाजूच्या नव्या वस्त्यांत नेहमी बघायला मिळते. तुमच्या प्लॉटचा मूळ निर्णय काउन्सिलच्या वेबसाइटवर मिळतो, तो फोन न करता वाचता येतो. अटीचा भंग असेल तर काउन्सिलला कारवाईसाठी दहा वर्षांची मुदत.

फ्लॅट आहे, त्याला हे लागू होतं का?

फ्लॅटला घरासारखे परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क नसतात. त्यातून लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा असेल, तर भिंत काढायला फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी हवी. विकताना ती पहिली मागतात.

फॉर्ममध्ये खरं लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल. 'माहीत नाही' लिहू का?

टीए६, म्हणजे विकणाऱ्याने घराची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये तुम्ही काय काय बदल केले आणि त्याच्या परवानग्या कुठे आहेत हे विचारतात. स्वतः बांधलेल्या गोष्टीवर 'माहीत नाही' लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि त्यावरून घेणारा विक्री झाल्यानंतरही नुकसानभरपाईचा दावा करू शकतो. खरं लिहून सोबत इन्शुरन्स किंवा सर्टिफिकेट जोडलं तर बहुतेक गिऱ्हाईकं राहतात. तीन महिन्यांनी सापडलं की ती जातात, आणि तोवर तुम्ही पुढचं घर घेण्याच्या, एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांच्या साखळीत अडकलेले असता.

शेजाऱ्यांना आधी सांगावं का?

अर्ज करणार असाल तर हो, काउन्सिलचं पत्र जाण्याआधी स्वतः जाऊन नकाशा दाखवा. हरकती घ्यायला त्यांना साधारण २१ दिवस मिळतात. तुम्ही तर विकून जाणार आणि बांधकाम दुसराच करणार हे शेजाऱ्याला कळलं की तो जास्त चिडतो, हे गृहीत धरा. आणि वाद लेखी झाला तर तोही टीए६ मध्ये सांगावा लागतो.

घेणारा म्हणतो तुम्ही परमिशन काढा, मिळाली तर मी घेतो. मान्य करू का?

तसंच्या तसं नाही. परमिशनसाठी अर्ज करायला मालक असावं लागत नाही, कोणीही करू शकतं, फक्त मालकाला रीतसर नोटीस द्यावी लागते. म्हणजे नकाशे त्याने काढावे, फी त्याने भरावी. तुम्ही कंडिशनल करार करा, किंमत आज ठरलेली, डिपॉझिट भरलेलं, आणि परमिशनसाठी शेवटची तारीख लिहिलेली. त्या तारखेपर्यंत मिळाली नाही तर तुम्ही दुसऱ्याला विकायला मोकळे. नकार आला तर अपील करायचं की नाही आणि तोपर्यंत घर अडकून राहणार का, हेही करारातच लिहा. तो नुसता तोंडी म्हणत असेल आणि करारावर सही करायला तयार नसेल तर 'विकणे आहे'च्या पाट्या तशाच ठेवा आणि बाकीच्यांना घर दाखवत राहा.